सवत, सोडचिठ्ठी आणि सातबारा : गोदाकाठच्या गंगाखेडातून पाहिलेला विभक्त होण्याचा इतिहास

१/
१९४७ साली मुंबई प्रांतातल्या हिंदू पत्नीला एक नवा अधिकार मिळाला. नवऱ्याने दुसरी बाई ठेवली असेल, तर त्या कारणावरून न्यायालयात जाऊन घटस्फोट मागता येऊ लागला. गोदावरीच्या काठी नाशिकला किंवा कोपरगावला राहणाऱ्या स्त्रीला हा कायदा लागू होता. त्याच नदीच्या काठी, खाली गंगाखेडात, तीच मराठी बोलणाऱ्या स्त्रीला तो लागू नव्हता, कारण गंगाखेड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते.

एकनिष्ठ न राहिलेल्या जोडीदारापासून वेगळे होण्याची वाट आपल्याकडे कशी घडली, त्याचा हा दीर्घ धागा. 🧵

२/
हा इतिहास वाचताना चार प्रश्न मनात धरून ठेवावेत. वेगळे होऊ पाहणाऱ्या माणसाला प्रत्येक काळात याच चार प्रश्नांची तयारी करावी लागली आहे.

• पुरावा : विश्वासघात झाला हे कोणासमोर आणि कशाने सिद्ध करायचे?
• निवारा : त्या रात्री, त्या वर्षी राहायचे कोठे?
• निर्वाह : स्वतःचे आणि मुलांचे पोट कशावर भरायचे?
• मोकळीक : पुन्हा संसार मांडायचा झाल्यास पहिले बंधन सुटले, असे कोण म्हणणार?

बाराव्या शतकातील टीकाकार, गावचे पंच, इंग्रज न्यायाधीश आणि आजचे कौटुंबिक न्यायालय या सर्वांनी याच चार प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे दिली.

३/
आधी स्थळ. गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. त्यानंतर हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात.

म्हणजे १९४५ च्या सुमारास लग्न झालेल्या गंगाखेडच्या स्त्रीने घर न बदलता तीन सत्तांतरे पाहिली. त्या काळात तिच्या संसारावर अंमल करणारा कायदा आणि अपिलाचे शहरही बदलले.

४/
आता मागे जाऊ, थेट अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधिकालात. गंगाखेडच्या दक्षिणेस, सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, चालुक्यांची राजधानी कल्याणी होती. आजचे बसवकल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात तेथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. पुढे भारताच्या बहुतेक भागात हिंदू वारसा आणि कुटुंबविषयक वादांचा निवाडा याच ग्रंथाच्या आधारे होत राहिला.

मूळ स्मृतीतील दोन तरतुदी आपल्या विषयाच्या आहेत. पतीने पहिली पत्नी असताना दुसरी केली, तर पहिलीला भरपाई द्यावी. तिला ‘आधिवेदनिक’ म्हणत. आणि आज्ञाधारक, कर्तव्यदक्ष पत्नीला टाकणाऱ्याकडून संपत्तीचा तिसरा हिस्सा तिला देववावा. संपत्ती नसल्यास निदान भरणपोषण तरी करावे.

५/
येथे थोडे थांबावे. या तरतुदींत निर्वाहाचा विचार आहे, मोकळीक मात्र नाही. सवत आणणाऱ्या पुरुषाला दंडासारखा खर्च पडे, पण त्या पहिल्या स्त्रीचा विवाह संपत नसे. तिने ‘चांगली पत्नी’ असणे ही तिसऱ्या हिश्शाची अट होती.

याहून जुन्या कौटिलीय अर्थशास्त्रात ‘मोक्ष’ हा शब्द विवाहातून सुटण्याच्या अर्थाने येतो. पती-पत्नीचा परस्परांविषयी द्वेष असेल तर सुटका, एकाच्याच मनात द्वेष असेल तर नाही. आणि प्रतिष्ठित मानलेल्या धर्मविवाहांना ही सोय मुळीच नाही. आजच्या ‘परस्पर संमतीने घटस्फोटा’शी याचे साम्य मनोवेधक आहे. तथापि एकाचा थेट वारसा दुसऱ्याकडे आला, असे म्हणण्यास आधार नाही.

६/
ग्रंथ एकीकडे, गाव दुसरीकडे. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत विवाह अखंड मानला जाई. बहुसंख्य शेतकरी, कारागीर आणि श्रमिक जातींत मात्र वेगळे होण्याची रूढी होती आणि तिला आपली स्वतःची भाषा होती. ‘काडीमोड’ म्हणजे काडी मोडून नाते तुटल्याचे सर्वांसमक्ष दाखवणे. ‘सोडचिठ्ठी’ आणि ‘फारकत’ हे त्याचे लेखी रूप. त्यानंतर स्त्रीचा जो दुसरा विवाह होई तो ‘पाट’.

मराठेशाहीत पाटावर ‘पाटदाम’ नावाचा कर होता. जी गोष्ट राज्य करासाठी नोंदवते, ती गोष्ट समाजात सर्रास घडत असते.

१८२७ मध्ये आर्थर स्टील यांचा दख्खनमधील जातींच्या कायदे-रूढींचा संग्रह मुंबई सरकारने प्रसिद्ध केला. अशा चालींची जातवार नोंद त्यात आढळते. या काळाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने तो संग्रह अवश्य चाळावा.

७/
त्या व्यवस्थेत तयारी म्हणजे काय असे?

पहिली गोष्ट, माहेर. वडील किंवा भाऊ पाठीशी नसतील तर पंचांसमोर बाईची बाजू मांडणारे कोणी नसे. दुसरी, लग्नाची ‘याद’. दोन्हीकडून काय दिले-घेतले, कोणते दागिने, किती भांडी, याची लेखी यादी. फारकतीच्या वेळी हिशेब याच यादीवरून होई. तिसरी, साक्षीदार. शेजारी, भावकी, पाटील.

पण तराजू समतोल नव्हता. पुरुषाला दुसरे लग्न करण्यासाठी सोडचिठ्ठीची गरजच नव्हती. ती लागे बाईला, आणि बहुधा ती देणाराही पुरुषच असे. त्याने अडवून धरली की बाई ना इकडची, ना तिकडची. ‘टाकलेली’ हा शब्द याच अवस्थेतून आला.

८/
इंग्रजी न्यायालये आली आणि एक अनपेक्षित गोष्ट घडली. १८६० च्या भारतीय दंड संहितेने, पहिला विवाह जिवंत असताना दुसरा करणे हा कलम ४९४ अन्वये गुन्हा ठरवला. पण गुन्हा होण्यासाठी दुसरा विवाह पहिल्यामुळे निरर्थक ठरणारा असावा लागे. हिंदू पुरुषाला अनेक पत्नी करण्याची मुभा होती, म्हणून तो सुटला. स्त्री सापडली.

१८७६ च्या शंभू रघू खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रश्न आला : पतीची संमती नसताना जातीच्या पंचांनी स्त्रीला दुसऱ्या विवाहाची परवानगी दिली, तर ती चालेल का? न्यायालयाने नाही म्हटले. पतीशिवाय सुटका देण्याचा जो काही अधिकार पंचायतीकडे होता, तो अशा निकालांनी काढून घेतला. त्याच्या जागी दुसरे काहीही ठेवले नाही.

९/
त्याच संहितेतील कलम ४९७ व्यभिचाराविषयी होते. त्याची रचना नीट पाहा. दुसऱ्याच्या पत्नीशी, तिच्या पतीच्या संमतीवाचून संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ती स्त्री शिक्षेस पात्र नाही. आणि फिर्याद करण्याचा अधिकार फक्त तिच्या पतीला.

म्हणजे नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर बायकोला या कलमाखाली फिर्याद करताच येत नसे. तो संबंध अविवाहित किंवा विधवा स्त्रीशी असेल तर गुन्हाच नसे. ज्याला आपण सहज ‘व्यभिचाराचा कायदा’ म्हणतो, तो एका पुरुषाचे दुसऱ्या पुरुषाने केलेले नुकसान मोजत होता. ही रचना १५८ वर्षे टिकली.

१०/
विभक्त होण्याच्या लढ्यातील सर्वांत गाजलेला मराठी खटला रखमाबाईंचा. येथे प्रश्न पतीच्या परस्त्रीसंबंधाचा नव्हता. अजाण वयात लावलेला विवाह स्वीकारायचा की नाही, हा होता. पण ‘न्यायालयात टिकून राहायला काय लागते’ याचा धडा म्हणून तो वाचावाच लागतो.

अकराव्या वर्षी लग्न झाले, पण रखमाबाई सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये पती दादाजी भिकाजींनी दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली.

११/
१८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे अनेक वर्षे रुग्णसेवा केली.

त्यांच्याकडे काय होते ते मोजा. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचे घर, म्हणजे निवारा. शिक्षण. वकील. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने लिहिलेल्या पत्रांतून उभे केलेले जनमत. खर्चासाठी हितचिंतकांची मदत. एवढे सगळे असूनही चार वर्षे गेली आणि अखेरची सुटका कायद्याने दिली नाही, पैसे मोजून मिळाली. माहेरी दोन एकर कोरडवाहू असणाऱ्या गोदाकाठच्या बाईला यातले काय उपलब्ध होते, याचा अंदाज आपणच करावा.

१२/
विसाव्या शतकात पहिली हालचाल संस्थानांत झाली. १९१९ मध्ये कोल्हापूरला शाहू छत्रपतींनी स्त्रियांच्या छळाला प्रतिबंध करणारा आणि काडीमोडाविषयीचा कायदा केला. १९३१ मध्ये बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आणला. ब्रिटिश हिंदुस्थानात तो यायला अजून बराच अवकाश होता.

म्हणून ‘संस्थाने मागासलेली, इंग्रजी मुलूख पुढारलेला’ हे सरसकट विधान या विषयात टिकत नाही. संस्थानिक कोण आहे, यावर बरेच अवलंबून असे.

१३/
मग आली १९४६-४७ ही दोन वर्षे.

• १९४६ : केंद्रीय कायद्याने हिंदू विवाहित स्त्रीला स्वतंत्र राहून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. पतीने दुसरे लग्न केले, किंवा घरात रखेली ठेवली, ही त्याची कारणे होती.
• १९४६ : मुंबई प्रांताने हिंदू पुरुषाच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली.
• १९४७ : मुंबईचा हिंदू घटस्फोट कायदा.

द्विभार्याबंदीला आव्हान मिळाले. ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी’ या १९५१ च्या प्रसिद्ध खटल्यात मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी बंदी वैध ठरवली. घटनाशास्त्राचे विद्यार्थी आजही हा निकाल वेगळ्या मुद्द्यासाठी वाचतात, पण त्याच्या मुळाशी सवतीचा प्रश्न होता हे विसरू नये.

१४/
या काळात गंगाखेडात काय? प्रांतांसाठी केलेले हे कायदे निजामाच्या मुलखात चालत नव्हते. न्यायालयाची भाषा उर्दू. मराठी बाईची तक्रार आधी अर्जनविसाच्या लेखणीतून उर्दूत जाई, मग हाकिमापुढे. हिंदूंचे विवाह शास्त्र आणि रूढी यांवर सोपवलेले.

१ एप्रिल १९५१ पासून केंद्रीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्याला लागू झाल्या. या प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ मध्ये १९४९ साली एक महत्त्वाचे वाक्य जोडले गेले होते. पतीने दुसरे लग्न केले किंवा रखेली ठेवली, तर त्याच्यासोबत राहायला नकार देण्यास पत्नीला ते न्याय्य कारण समजावे. म्हणजे ‘मी तिला नांदवायला तयार आहे’ एवढे म्हणून पोटगी टाळण्याचा मार्ग अरुंद झाला.

१५/
संपूर्ण देशासाठी एक कायदा असावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू संहिता विधेयकासाठी झुंज दिली. ते रखडल्यामुळे (अन्य कारणांसह) १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे त्याच विधेयकाचे भाग सुटे करून संमत झाले आणि १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला.

त्या दिवशी नाशिक आणि गंगाखेड या विषयात प्रथमच एका पातळीवर आले. द्विभार्या विवाह निरर्थक आणि दंडनीय ठरला. घटस्फोट सर्व जातींतील हिंदूंना खुला झाला. आणि एक तरतूद खास पहिल्या पत्नींसाठी : कायदा येण्यापूर्वीच ज्याच्या दोन पत्नी आहेत, त्याच्यापासून त्यातील कोणतीही पत्नी, दुसरी हयात असल्यास, घटस्फोट मागू शकते. मराठवाड्यात हे कलम केवळ कागदी नव्हते. घरोघरी सवती होत्या.

१६/
पण मूळ १९५५ च्या कायद्यातील अटी कडक होत्या.

जोडीदाराचा परक्याशी एकदा संबंध आला हे सिद्ध झाले, तर मिळे ते ‘न्यायिक विभक्तता’. विवाह कायम, फक्त एकत्र राहण्याचे बंधन नाही. थेट घटस्फोटासाठी जोडीदार ‘व्यभिचारात राहत आहे’ असे, म्हणजे चालू अवस्था, दाखवावे लागे. विभक्ततेनंतर दोन वर्षे सहवास पुन्हा सुरू झाला नाही तर घटस्फोटाची वाट होती. शिवाय लग्नानंतर तीन वर्षांच्या आत अर्ज करता येत नसे.

१९७६ च्या दुरुस्तीने हे बदलले. विवाहानंतरचा एक प्रसंगही घटस्फोटाला पुरेसा झाला, तीन वर्षांची अट एक वर्षावर आली आणि परस्पर संमतीचा घटस्फोट प्रथमच कायद्यात आला.

१७/
कायदा आला की पळवाट येते. १९६५ चा ‘भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा. पहिली पत्नी असताना पुरुषाने १९६२ मध्ये ‘गांधर्व’ पद्धतीने दुसरे लग्न केले. खालच्या न्यायालयात दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने सोडले. कारण : होम आणि सप्तपदी झाल्याचे सिद्ध झाले नाही, त्यांच्याशिवाय चालणारी रूढीही सिद्ध झाली नाही. दुसरा विवाह रीतसर झालेलाच नाही, तर द्विभार्येचा गुन्हा कसा?

परिणाम विलक्षण झाला. पहिल्या पत्नीला आता सवतीच्या लग्नातील विधी एकेक करून सिद्ध करावे लागू लागले, आणि त्या लग्नाला तिला कोणी बोलावलेले नसे! दुसऱ्या बाईची स्थितीही बिकट : ती ना पत्नी, ना परकी. पुरुषाला मात्र अर्धवट लग्न सोयीचे ठरले.

१८/
पुराव्याबद्दल दुसरा निकाल १९७५ चा, पुण्याच्या एका सुशिक्षित दांपत्याचा. ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’. मुद्दा क्रूरतेचा होता, पण न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी घालून दिलेल्या दोन गोष्टी सर्व वैवाहिक वादांना लागू पडल्या.

एक, वैवाहिक खटल्यात फौजदारीसारखा ‘निःसंशय’ पुरावा लागत नाही. संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते, ते पाहायचे. चार भिंतींआड घडणाऱ्या गोष्टीला प्रत्यक्षदर्शी कोठून आणणार?

दोन, ‘क्षमा’. दोष कळल्यानंतरही पूर्ववत सहजीवन सुरू ठेवले, तर तो दोष माफ केला असे न्यायालय मानू शकते. त्या खटल्यात क्रूरता सिद्ध होऊनही याच कारणाने पतीला विभक्तता मिळाली नाही. माफ केलेला दोष जोडीदाराने पुन्हा केला तर तो पुन्हा जिवंत होतो, हेही न्यायालयाने सांगितले.

१९/
आता अंतराचा प्रश्न. त्याकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष जात नाही.

जुन्या कलम ४८८ खाली पोटगीचा अर्ज पती जेथे राहतो किंवा शेवटचे एकत्र राहिले तेथेच करावा लागे. माहेरी गंगाखेडला परतलेल्या बाईला सासरच्या तालुक्यात खेटे घालावे लागत. १९७३ च्या नव्या संहितेने (कलम १२५-१२६) पत्नी जेथे राहते तेथेही अर्जाची मुभा दिली. घटस्फोटाच्या बाबतीत तीच सवलत पत्नीला २००३ च्या दुरुस्तीने मिळाली.

रकमेची मर्यादाही पाहा. सुरुवातीला दरमहा ५० रुपये, मग १००, १९५५ पासून ५००. मर्यादा उठली ती २००१ मध्ये.

आणि अपील? १९५६ पूर्वी हैदराबाद, नंतर मुंबई. १९८१ मध्ये औरंगाबाद खंडपीठ झाले, तेव्हा परभणीकरांना उच्च न्यायालय एका दिवसाच्या प्रवासावर आले.

२०/
न्यायालयाच्या बाहेरही काही घडत होते. १९८८ मध्ये संगमनेरला अॅड. निशा शिवूरकर आणि सहकाऱ्यांनी परित्यक्ता स्त्रियांना एकत्र आणले. ‘टाकलेली’ या शब्दात दोष बाईचा होता. ‘परित्यक्ता’ या शब्दाने प्रश्न टाकणाऱ्याकडे वळवला. शिधापत्रिका स्वतःच्या नावावर हवी, निवारा हवा, पोटगी वेळेवर हवी, अशा साध्या मागण्या होत्या.

त्याच सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली : नवऱ्याने जमिनीचा काही भाग स्वेच्छेने बायकोच्या नावावर करावा. शेतकरी कुटुंबात सातबाऱ्यावर नाव असणे आणि नसणे यात, घर मोडण्याच्या दिवशी, जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ती ‘याद’ आठवते ना? तिचेच हे विस्तारित रूप.

२१/
यादीची कहाणी येथे पूर्ण होते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रतिभा राणी’ खटल्यात स्पष्ट केले की स्त्रीधन पत्नीच्या संपूर्ण मालकीचे आहे. सासरी गेले म्हणून ते सामायिक होत नाही आणि परत न देणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. त्याच वर्षी हुंडाबंदी कायद्याखालील नियमांनी लग्नातील भेटींची सह्यांसह यादी ठेवणे आवश्यक केले.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला. घर कोणाच्या नावावर आहे याचा विचार न करता, सामायिक घरात राहण्याचा पत्नीचा हक्क मान्य केला. दुसरी बाई आणली म्हणून पहिलीला रातोरात बाहेर काढता येत नाही.

२२/
आणि कलम ४९७? १९५४ मध्ये ‘युसूफ अब्दुल अझीझ’ खटल्यात ते टिकले. १९८५ मध्ये ‘सौमित्री विष्णू’ खटल्यात पुन्हा टिकले. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड. २७ सप्टेंबर २०१८ रोजी ‘जोसेफ शाइन’ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते एकमताने रद्द केले. त्या पीठावर त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते!

याचा चुकीचा अर्थ समाजमाध्यमांवर पुष्कळ फिरतो. व्यभिचार आता गुन्हा नाही, पण घटस्फोटाचे कारण म्हणून तो पूर्वीइतकाच कायम आहे. द्विभार्या विवाह तर आजही गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे.

२३/
या सगळ्या इतिहासातून आजच्या तयारीचे जे धागे दिसतात, ते चार प्रश्नांच्या क्रमाने :

पुरावा : तारखांसह टिपण आणि कागद. मोबाइलमधील मजकुराला विहित प्रमाणपत्र लागते. हा नियम २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक खटल्यात (खोतकर विरुद्ध गोरंट्याल) सर्वोच्च न्यायालयाने पक्का केला. दुसऱ्याच्या खात्यात चोरून शिरणे मात्र स्वतःवरच उलटू शकते.

निवारा : घर सोडण्यापूर्वी सल्ला. विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, बँकेची पुस्तके, सातबारा-आठ ‘अ’चे उतारे यांच्या प्रती सुरक्षित जागी.

निर्वाह : २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालापासून पोटगीच्या वादात दोन्ही पक्षांना मालमत्ता-उत्पन्नाचे शपथपत्र द्यावे लागते. नवऱ्याची जमीन किती, ऊस किती गेला, पगार किती, याची आधी असलेली माहिती तेव्हा कामी येते.

२४/
मोकळीक : येथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. मुद्रांकावर लिहून, पाच जणांच्या सह्या घेऊन केलेली फारकत आपोआप घटस्फोट ठरत नाही. १९५५ च्या कायद्याने रूढीतील काडीमोड राखून ठेवला आहे हे खरे. पण आपल्या जातीत तशी प्राचीन, अखंड रूढी आहे, हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. ते न झाल्यास दुसरा विवाह निरर्थक ठरतो, आणि त्याचा फटका निवृत्तिवेतनाच्या किंवा वारसाच्या वेळी, वीस-तीस वर्षांनी बसतो. मुलांना वारसा मिळवतानाही झगडावे लागते. न्यायालयाचा हुकूमनामा हाच भरवशाचा कागद.

वकील परवडत नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समिती हे त्याचे पहिले दार.

२५/
शेवटी इतिहासाच्या वाचकांना एक विनंती.

आपल्या घरी, मामाकडे, आजोळच्या पेटीत लग्नाच्या यादी, फारकतीचे कागद, मोडी किंवा उर्दूतील अर्ज असू शकतात. घराण्याची लाज म्हणून ते जाळले जातात. जाळू नका. राजांच्या तहांच्या प्रती अभिलेखागारांत मिळतात. एखाद्या बाईने कोणते दागिने परत मागितले आणि पंचांनी किती दिले, हे सांगणारा कागद फक्त तुमच्याच घरात असतो. जिवंत व्यक्तींचा संबंध असेल तेथे नावे झाकावीत, पण कागद जपावा.

कारण गंगाखेडच्या त्या १९४७ मधल्या बाईचे नाव कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. असेल तर ते अशाच एखाद्या पेटीत असेल.

(धागा समाप्त. मराठवाड्यातील उर्दू-मोडी न्यायालयीन कागद कसे वाचावेत, यावर प्रश्न असतील तर खाली विचारा.)